वेस्टपोर्टला नेलेले पाहुणे काय काय विचारतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅन्सस सिटीच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरात भारतातून पाहुणे आले की फिरवायची यादी ठरलेली असते. कारंजी, पहिल्या महायुद्धाचं संग्रहालय, नेल्सन-ॲटकिन्स कलासंग्रहालयाच्या हिरवळीवर पडलेली ती अवाढव्य शटलकॉकं, आणि संध्याकाळी ‘जरा जुनं काहीतरी’ म्हणून वेस्टपोर्ट. गाडीतून उतरलं की समोर बार, पिझ्झा, गोंदवून देणारी दुकानं आणि मोठ्यानं वाजणारं गाणं. ‘यात जुनं काय आहे?’ हा पहिला प्रश्न तिथेच फुटपाथवर येतो आणि त्यामागे बाकीचे येतात. दर उन्हाळ्यात तेच ते सांगून घसा बसतो, म्हणून एकदा लिहून ठेवलं आहे.

वेस्टपोर्ट नेमकं कुठे आहे? कॅन्ससमध्ये?

नाही, मिसूरीत. कॅन्सस सिटी नावाची दोन शहरं एकमेकांना चिकटून आहेत. मोठं, प्रसिद्ध शहर मिसूरी राज्यात आणि धाकटं कॅन्सस राज्यात. वेस्टपोर्ट हा मोठ्या शहराचा भाग. मिसूरी नदीपासून सरळ दक्षिणेला साधारण साडेसहा किलोमीटरवर वेस्टपोर्ट रोड, ब्रॉडवे आणि पेन्सिल्व्हेनिया ॲव्हेन्यू हे रस्ते जिथे भेटतात, तो त्याचा गाभा. तिथून पश्चिमेला दोनेक किलोमीटर गेलं की ‘स्टेट लाइन रोड’ लागतो. त्या रस्त्याच्या एका कडेला मिसूरी, दुसऱ्या कडेला कॅन्सस.

ही हद्द लक्षात ठेवा. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं तिच्यातूनच निघतात.

आधी शहर झालं आणि मग त्याचा हा जुना पेठेचा भाग, असंच ना?

उलट आहे. वेस्टपोर्ट आधी झालं आणि शहर त्याच्या धक्क्यातून उगवलं.

जॉन कॅल्विन मॅकॉय नावाच्या तरुणानं १८३३ मध्ये इथे लाकडी ओंडके रचून बांधलेलं दुकान टाकलं. माल मिसूरी नदीतून आगबोटीनं यायचा, पण तो लांब पूर्वेला उतरवून खडबडीत वाटेनं गाडीतून आणावा लागे. पुढच्या वर्षी, १८३४ मध्ये, त्यानं ‘जॉन हँकॉक’ नावाच्या बोटीला दुकानाच्या सरळ उत्तरेला, काठावरच्या एका नैसर्गिक खडकाच्या पायरीशी लागायला लावलं आणि तिथून झाडीतून दक्षिणेकडे वाट पाडली. त्या जागेला लोक ‘वेस्टपोर्ट लँडिंग’ म्हणू लागले. म्हणजे वेस्टपोर्टचा धक्का, इतकंच.

१८३८ मध्ये चौदा जणांनी मिळून त्या धक्क्यालगतचं एका मयत फ्रेंच शेतकऱ्याचं शेत लिलावात ४,२२० डॉलरना घेतलं. त्या चौदांत मॅकॉयही होता. नवीन वसाहतीला नाव काय द्यायचं यावर बरीच थट्टा झाल्याचं सांगतात, ‘रॅबिटव्हिल’सारखी नावंही पुढे आली म्हणे. शेवटी ‘टाउन ऑफ कॅन्सस’ ठरलं. ते १८५३ मध्ये ‘सिटी ऑफ कॅन्सस’ झालं आणि १८८९ मध्ये ‘कॅन्सस सिटी’. गंमत म्हणजे, या सगळ्यात कॅन्सस नावाचं राज्य १८६१ मध्ये जन्मलं, म्हणजे शहराच्या नावानंतर. त्यामुळे ‘मिसूरीतल्या शहराला कॅन्ससचं नाव का’ हा हमखास येणारा प्रश्न खरं तर राज्याला विचारायला हवा. दोघांनीही ते नाव कॅन्सस नदीवरून आणि तिच्या काठच्या कॉ जमातीच्या लोकांवरून घेतलं.

आपल्याकडे कल्याण आणि सोपारा ही भरलेली बंदरं होती तेव्हा मुंबई हा बेटांचा पुंजका होता. आज कल्याणचा माणूस ‘मुंबईला राहतो’ म्हणून सांगतो. वेस्टपोर्टचं तसंच झालं, फक्त शंभर वर्षांच्या आत.

जवळ नदी नाही, समुद्र तर हजारभर किलोमीटर लांब. मग ‘पोर्ट’ कसलं?

गवताच्या समुद्राचं. इथून पश्चिमेला झाडी विरळ होत संपायची आणि माणसापेक्षा उंच गवताचा माळ सुरू व्हायचा. पांढऱ्या कापडाची कमान घातलेल्या गाड्या त्यातून चालल्या की लांबून शिडाच्या होड्यांसारख्या दिसत, आणि लोक त्यांना त्याच अर्थानं ‘प्रेअरी स्कूनर’ म्हणत. पश्चिमेला निघणाऱ्यांचं बंदर ते वेस्टपोर्ट.

मॅकॉयनं नेमकी हीच जागा का धरली?

हद्दीमुळे. १८२१ मध्ये मिसूरी राज्य झालं आणि त्याची पश्चिम सीमा म्हणजे अमेरिकेतल्या राज्यांची त्या बाजूची शेवटची सीमा. पलीकडे ‘इंडियन कंट्री’, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ जमातींचा मुलूख. ओसेज आणि कॉ लोकांकडून करारांनी जमीन काढून घेऊन सरकारनं तिथे पूर्वेकडच्या जमातींना आणून बसवलं. शॉनी आले, डेलावेअर आले. जमातींना पश्चिमेला हलवण्याच्या १८३० च्या कायद्यानंतर हे स्थलांतर सक्तीचं आणि सर्रास झालं. घर सोडून शेकडो मैल आणलेल्या या लोकांना जमिनीच्या बदल्यात सरकारकडून दरवर्षी ठरावीक रक्कम मिळे. ते पैसे खर्च करायला जवळचं दुकान कुठलं? हद्दीच्या अलीकडे, दोन किलोमीटरवर, मॅकॉयचं.

त्याला हे आधीच दिसलं, कारण त्याचे वडील आयझॅक मॅकॉय बाप्टिस्ट मिशनरी होते आणि जमातींना दिलेल्या जमिनींची मोजणीही करत. मुलगा स्वतः मोजणीदार होता. कोणती जमीन कोणाच्या वाट्याला आली आणि वाट कुठून जाणार हे ज्याच्या साखळीनं मोजलं जातं, त्यानं दुकानाची जागा चुकवली असती तरच नवल.

इथल्या पाट्यांवर हा काळ ‘पायोनियर’ लोकांच्या धाडसाचा म्हणून लिहिलेला दिसतो. धाडस होतंच. पण गावाचा पहिला गल्ला भरला तो हुसकावून आणलेल्या माणसांच्या भरपाईतून, उधारीवर माल देऊन आणि वसुली थेट वाटपाच्या दिवशी करून. मला ही गोष्ट पाहुण्यांना सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

तांडे इथे काय करायचे? नुसता मुक्काम?

इथे सगळं मिळायचं आणि पुढे काहीच मिळायचं नाही. त्यामुळे गावाची सगळी अक्कल ‘निघण्याआधी काय लागेल’ यात गुंतलेली.

दोन प्रकारचे लोक होते, ते आधी वेगळे करू. पहिले व्यापारी. १८२१ मध्ये मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला आणि सांता फे शहर अमेरिकी मालाला खुलं झालं. कापड, सुया, कात्र्या, हत्यारं घेऊन सुमारे तेराशे-चौदाशे किलोमीटरची वाट तुडवत जायचं आणि चांदी, लोकर नि खेचरं घेऊन परत यायचं. मिसूरीतली खेचरं पुढे नावाजली ती या वाटेनं आलेल्या मेक्सिकन जनावरांपासून. मेक्सिकन चांदीचे डॉलरही या भागात सर्रास चालत.

दुसरे कायमचे निघालेले. ओरेगन आणि कॅलिफोर्नियाकडे, तीन हजारांहून जास्त किलोमीटर, चार ते सहा महिने. १८४९ मध्ये सोन्याची बातमी पसरल्यावर त्यांचा लोंढाच लागला, आणि त्याच वर्षी कॉलराही आला.

दोघांनाही गाडी, बैल किंवा खेचरं आणि शिधा लागे. मोठ्या माणसामागे साधारण ९० किलो पीठ, शिवाय खारवलेलं डुकराचं मांस, कॉफी, साखर, मीठ. व्यापाऱ्याच्या मोठ्या गाडीत दोन-अडीच टन माल चढे आणि तिला बैलांच्या सहा-सहा जोड्या जुंपत. त्यामुळे गावात सुतार, लोहार, खोगीर शिवणारे यांची चलती. चाकाचे आरे सैल झालेत, धाव निसटली आहे, जू तडकलं आहे, वंगण हवं आहे, ही सगळी कामं वेस्टपोर्टला उरकायची. बैलांना पत्रीसुद्धा मारत. आपल्याकडे बैलाला पाडून, पाय बांधून पत्री ठोकतात. इथले लोहार त्याला चौकटीत उभा करून पोटाखालून पट्ट्यांनी उचलून धरत, कारण बैल घोड्यासारखा तीन पायांवर नीट उभा राहत नाही. माझे सासरे सांगली भागातले. बाकी सगळ्या इतिहासाला ते नुसतं ‘हं’ म्हणत होते, या एका तपशिलापाशी मात्र थांबले आणि मग पुढचा अर्धा तास तेच बोलत होते.

निघायचा हंगामही ठरलेला होता, एप्रिल-मे. गवत वर आल्याशिवाय जनावरांना चारा नाही, आणि उशीर केला तर पुढे डोंगरात बर्फ. म्हणजे गावाची वर्षाची कमाई बरीचशी त्या काही आठवड्यांत. तेव्हा इथे इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, शॉनी अशा भाषा एकाच रस्त्यावर ऐकू येत असत.

सांता फेची वाट इंडिपेन्डन्सहून निघते असं शाळेच्या पुस्तकात आहे, असं मुलं म्हणतात.

मुलं बरोबर म्हणतात. इंडिपेन्डन्स हे पूर्वेचं गाव १८२७ चं, आणि सुरुवातीला तेच मोठं. पण तिथून निघालेल्या गाड्यांना आधी बिग ब्लू नदी ओलांडावी लागे. पाऊस झाला की दिवस वाया. वेस्टपोर्ट त्या नदीच्या पलीकडे, आणि त्याचा धक्का वरच्या अंगाला. बोटीनं आणखी थोडं पुढे यायचं आणि गाडीवाटेची एक मजल वाचवायची, हा हिशेब व्यापाऱ्यांना लवकर कळला. १८४४ च्या महापुरानं इंडिपेन्डन्सकडच्या धक्क्यांचं नुकसान केलं ते निराळंच. १८५० च्या सुमारास सांता फेचा व्यापार वेस्टपोर्टकडे सरकलेला होता.

बार तेव्हापासूनच आहेत का?

तेच बार नाहीत, पण धंदा तोच. १८३४ च्या संघीय कायद्यानं इंडियन कंट्रीत दारू नेण्या-विकण्यावर बंदी घातली. साहजिकच हद्दीच्या अलीकडच्या शेवटच्या गावात तिची विक्री जोरात. बोस्टनचा फ्रान्सिस पार्कमन, पुढे मोठा इतिहासकार झाला तो, १८४६ च्या वसंतात बावीस वर्षांचा असताना इथून पश्चिमेला निघाला. त्यानं लिहून ठेवलं आहे की जिथे प्रत्येकाच्या खिशात भरलेलं पिस्तूल आहे अशा ठिकाणी जेवढी फिरावी त्यापेक्षा वेस्टपोर्टमध्ये व्हिस्की जरा जास्तच मोकळेपणी फिरते. हे वाक्य पावणेदोनशे वर्षांनी नगर परिषदेच्या बैठकीत शोभलं असतं. ते का, ते पुढे येतं.

मधला एक टप्पा बहुतेकांना माहीत नसतो. हद्दीपलीकडच्या कॅन्सस राज्यानं १८८१ मध्ये दारूबंदी आणली. देशभरची दारूबंदी १९२० ते १९३३ एवढीच होती, कॅन्ससची मात्र १९४८ पर्यंत टिकली. त्यानंतरही तिथे बाटली मिळायची, पण सर्वांसाठी खुला बार चालवायला राज्यघटनेत अटकाव होता, तो १९८६ मध्ये मतदानानं उठला. म्हणजे शंभरेक वर्षं कॅन्ससच्या माणसाला चारचौघांत बसून एक ग्लास प्यायचा तर मिसूरीत यावं लागे. देशभर बंदी होती तेव्हासुद्धा टॉम पेंडरगास्टच्या राजकीय टोळीच्या छायेत कॅन्सस सिटीत दारू उघड वाहत होती, आणि इथला जॅझ त्याच रात्रींत वाढला. तो मुख्यतः अठराव्या रस्त्यावर आणि व्हाइन स्ट्रीटच्या भागात, वेस्टपोर्टला नाही. पाहुणे दोन्हींची गल्लत करतात.

ते कोपऱ्यावरचं विटांचं घर खरंच शहरातलं सर्वांत जुनं आहे का?

वेस्टपोर्ट रोड आणि पेन्सिल्व्हेनियाच्या कोपऱ्यावरची, ‘केलीज’ नावाचा बार असलेली इमारत म्हणता ना? होय, उभ्या असलेल्या इमारतींत ती शहरातली सर्वांत जुनी मानली जाते, १८५० च्या सुमाराची. इथे आल्बर्ट गॅलटिन बून याचं तांड्यांना माल पुरवणारं दुकान होतं. केंटकीच्या जंगलवाटांमुळे दंतकथा बनलेल्या डॅनियल बूनचा हा नातू. १९४७ पासून तिथे बार आहे.

शेजारची इमारतही त्याच सुमाराची. तिथे १८६६ च्या पुढे जिम ब्रिजरचं दुकान होतं. ब्रिजर म्हणजे रॉकी पर्वतात फासे लावून बीव्हर पकडत हिंडलेला, लिहिता-वाचता न येणारा आणि तरी डोंगरांचा नकाशा डोक्यात असलेला वाटाड्या. म्हातारपणी दृष्टी गेली, आणि १८८१ मध्ये तो वेस्टपोर्टच्या दक्षिणेला आपल्या शेतावर वारला.

आत गेलात तर विटांच्या भिंती नीट बघा. एरवी ती जागा कुठल्याही गर्दीच्या बारसारखीच आहे, फरशी चिकट, आवाज फार.

इथे गुलामगिरी होती?

होती. मिसूरी गुलामगिरीचं राज्य होतं आणि वेस्टपोर्टच्या सुखवस्तू घरांत, शेतांवर गुलाम राबत. हद्दीपलीकडे शॉनी लोकांसाठी मिशनची शाळा चालवणारे पाद्री थॉमस जॉन्सन यांच्याकडेसुद्धा गुलाम होते.

१८५४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसनं, म्हणजे संसदेनं, ठरवलं की कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नाही हे तिथल्या वसाहतकऱ्यांनीच ठरवावं. मग दोन्ही बाजूंची माणसं बंदुका घेऊन ‘वसायला’ धावली. गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिणेची राज्यं आणि उत्तर यांच्यातलं यादवी युद्ध उरलेल्या देशात १८६१ ला सुरू झालं, या हद्दीवर ते सात वर्षं आधीच पेटलं होतं. १८६३ च्या ऑगस्टमध्ये दक्षिणेच्या बाजूच्या क्वांट्रिलच्या टोळीनं कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात दीडशेहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले. चारच दिवसांनी उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल यूइंगनं ‘आदेश क्रमांक ११’ काढून मिसूरीचे सीमेवरचे तालुके रिकामे करायला लावले. ब्रश क्रीक या ओढ्याच्या उत्तरेचा पट्टा त्यातून वगळला होता, म्हणून वेस्टपोर्टची घरं वाचली. गिऱ्हाईक मात्र राहिलं नाही. वाटा असुरक्षित झाल्यावर तांडे उत्तरेला, कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थ गावाकडून निघू लागले.

‘बॅटल ऑफ वेस्टपोर्ट’ खरंच एवढी मोठी लढाई होती?

२३ ऑक्टोबर १८६४ ला दोन्ही बाजूंची मिळून सुमारे तीस हजार माणसं इथे भिडली. मिसिसिपीच्या पश्चिमेला झालेल्या यादवीतल्या सर्वांत मोठ्या लढायांपैकी ही एक. यादवीतल्या सर्वांत गाजलेल्या लढाईवरून तिला ‘पश्चिमेचं गेटिसबर्ग’ म्हणतात. ही उपमा मला फुगवलेली वाटते, पण दक्षिणेचा मिसूरी जिंकायचा शेवटचा प्रयत्न इथे मोडला हे खरं.

दक्षिणेच्या बाजूनं स्टर्लिंग प्राइस, जो एकेकाळी मिसूरीचा गव्हर्नर होता. उत्तरेच्या बाजूनं समोर सॅम्युअल कर्टिस आणि पूर्वेकडून बिग ब्लू नदीवरच्या बायरम्स फोर्ड या उथळ जागेवरून येणारा आल्फ्रेड प्लेझंटन. सकाळी कर्टिसचे सैनिक ब्रश क्रीक ओलांडून वर चढायचे आणि परत ढकलले जायचे. त्याला वाट दाखवली ती जॉर्ज थोमन नावाच्या पंच्याहत्तरीच्या शेतकऱ्यानं. दक्षिणेच्या सैनिकांनी त्याची घोडी पळवली होती, म्हणून म्हातारा भडकलेला. टेकडीच्या कडेनं आडून वर जाणारी एक घळ त्यानं दाखवली, तीतून तोफा आणि माणसं प्राइसच्या बाजूवर निघाली. दुपारपर्यंत प्राइसचं सैन्य लुटीच्या गाड्यांची लांबलचक रांग घेऊन दक्षिणेला पळत होतं.

दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीन हजार पडले, जखमी झाले किंवा हरवले. ती टेकडी म्हणजे आजची लूज पार्क. गुलाबाची बाग, बदकांचं तळं, लग्नाचे फोटो काढायला आलेली जोडपी. कोपऱ्यात तोफ आणि पाट्या आहेत, तिकडे कोणी फिरकत नाही. जवळचं १८५८ चं वॉर्नल हाउस त्या दिवशी दवाखाना झालं होतं.

मग एवढं चालतं गाव मागे का पडलं?

रेल्वे. ३ जुलै १८६९ ला मिसूरी नदीवरचा पहिला कायमचा रेल्वेपूल, हॅनिबल ब्रिज, खुला झाला, तो जुन्या धक्क्याच्या, म्हणजे कॅन्सस सिटीच्या बाजूला. लेव्हनवर्थही त्या पुलासाठी झटत होतं, पण हरलं. पूल बांधणारा इंजिनिअर ऑक्टेव्ह शनूट. याच गृहस्थानं पुढे ग्लायडर बनवले आणि राइट बंधूंना पत्रांतून सल्ला दिला.

पूल झाला आणि गुरांचे बाजार, कत्तलखाने, गहू, बँका सगळं नदीकाठी गेलं. १८६० मध्ये साडेचार हजारांच्या आत असलेली कॅन्सस सिटी १८७० मध्ये तीस हजारांवर. १८५७ मध्ये रीतसर नगर झालेलं वेस्टपोर्ट शांत निवासी उपनगर बनलं, आणि १८९७ मध्ये कॅन्सस सिटीनं ते आपल्यात घेतलं. धक्क्यानं गाव गिळलं.

मनोरंजनाचा भाग कधी झाला?

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात ही नुसती वस्तीतली दुकानगल्ली होती. किराणा, औषधं, हार्डवेअर. महायुद्धानंतर लोक मोटारी घेऊन उपनगरांत, बरेचसे हद्दीपलीकडे कॅन्ससमध्ये राहायला गेले आणि गल्ली ओस पडत चालली. भाडी उतरली की कलाकार, विद्यार्थी, पुस्तकांची आणि जुन्या कपड्यांची दुकानं येतात, तशी ती आली. १९७० च्या दशकात गुंतवणूकदारांनी जुन्या इमारती दुरुस्त करून ‘वेस्टपोर्ट स्क्वेअर’ नावानं रेस्तराँ आणि बार आणले. काही बारना पहाटे तीनपर्यंतचा परवाना मिळाला आणि शहरात इतर ठिकाणी दीडला दिवे मालवले की उरलेली गर्दी इकडे वळू लागली. पुन्हा तेच, दुसरीकडे मिळत नाही ते इथे मिळतं.

या सगळ्यात काय नाहीसं झालं?

स्टेप्टो. यादवीनंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी वेस्टपोर्टच्या दक्षिण कडेला वसवलेली वस्ती. १८६८ मध्ये तिथे त्यांच्या मुलांसाठी पेन स्कूल उभं राहिलं. मिसिसिपीच्या पश्चिमेला कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधलेल्या अगदी पहिल्या शाळांमध्ये त्याचं नाव घेतात. आता तिथे इस्पितळाच्या इमारती आणि पार्किंग आहे, जुनी चर्चेस तेवढी खूण सांगतात. बारच्या रांगेपासून ही जागा चालत पाच मिनिटांवर आहे.

रात्री आत शिरताना तपासणी होते असं ऐकलं. सुरक्षित आहे ना?

जानेवारी २०१७ पासून मिसूरीत परवाना न काढता लपवून बंदूक बाळगता येते. सार्वजनिक रस्त्यावर तिला हरकत घेता येत नाही. म्हणून वेस्टपोर्टच्या व्यापाऱ्यांनी मागणी केली की गाभ्यातले फुटपाथ आम्हाला द्या, खासगी जागेत आम्ही बंदूक नाकारू शकतो. नागरी हक्कवाल्यांनी विरोध केला. फाटकावर कोणाला अडवलं जाणार हे त्वचेच्या रंगावर ठरेल, ही त्यांची भीती, आणि या शहराचा इतिहास पाहता ती वावगी नव्हती. २०१७ च्या अखेरीस नगर परिषदेनं मान्यता दिली आणि पुढच्या उन्हाळ्यात सुट्टीच्या रात्री धातुशोधक यंत्रं लागली. पार्कमनचं वाक्य आठवलं?

माझा सल्ला विचाराल तर आई-बाबा आणि मुलं बरोबर असतील तर दुपारी जा, सातच्या आत निघा.

तो तिघांचा पुतळा कोणाचा?

वेस्टपोर्ट रोड आणि ब्रॉडवेच्या तिठ्यावरच्या पायोनियर पार्कमध्ये मॅकॉय, ब्रिजर आणि अलेक्झांडर मेजर्स. मेजर्स हा मालवाहतुकीचा राजा, हजारो बैल बाळगून होता. १८६० च्या पोनी एक्स्प्रेस या घोडेस्वारी टपालात तो भागीदार होता. ती दीड वर्षात तारायंत्रानं बंद पाडली आणि भागीदार बुडाले.

बार सोडून बघण्यासारखं काय?

१८५५ चं हॅरिस-कर्नी हाउस बघा. आतून बघायचं तर वेळा आधी विचारून जा. तांड्यांच्या काळातला माल प्रत्यक्ष पाहायचा असेल तर वेस्टपोर्टमध्ये नाही, नदीकाठच्या सिटी मार्केटमध्ये ‘अरेबिया’ या आगबोटीचं संग्रहालय आहे. ही बोट १८५६ मध्ये बुडाली, नदीनं पात्र बदललं आणि १९८८ मध्ये ती एका शेताखालून खणून काढली. बूट, कढया, मणी, बाटलीबंद लोणची, सगळं चिखलात टिकलेलं. हेही जायच्या आधी उघडं आहे का ते बघून घ्या.

आपल्या मराठी लोकांचा या इतिहासाशी काही संबंध?

वेस्टपोर्टशी नाही, पण हद्दीपलीकडच्या जमिनीशी रोजचा आहे. इथली बरीच मराठी कुटुंबं ओव्हरलँड पार्क, ओलेथ, लेनेक्सा या भागात राहतात. हा सगळा भाग एकेकाळी शॉनी लोकांना ‘कायमचा’ म्हणून दिलेला. कायमचा म्हणजे तीसेक वर्षं, १८५४ च्या करारानं त्यातला बहुतेक काढून घेतला. ओलेथ हा शॉनी शब्द, अर्थ ‘सुंदर’. काउंटीचं नाव जॉन्सन, ते वर आलेल्या पाद्र्यावरून. आपली मुलं ज्या ‘शॉनी मिशन’ नावाच्या शाळांत जातात ते मिशन त्याचंच, आणि त्याच्या विटांच्या इमारती फेअरवे गावात अजून उभ्या आहेत. घराच्या खरेदीखतात यातलं काही लिहिलेलं नसतं.

वेस्टपोर्ट रोड तिरका का आहे? जीपीएस दर वेळी चुकतो.

बाकीचे रस्ते मोजणीदारांनी चौकटीत आखले. हा गाड्यांच्या चाकोरीवर पडला आहे.

मॅकॉय कुठे पुरला आहे?

युनियन सेमेटरीत, डाउनटाउनच्या थोडं दक्षिणेला. यादवीत उत्तरेच्या बाजूला ‘युनियन’ म्हणत, त्यामुळे हे नाव ऐकून सगळ्यांना ते युद्ध आठवतं, पण हे स्मशान १८५७ चं. वेस्टपोर्ट आणि कॅन्सस सिटी या दोन गावांनी मिळून, साधारण अर्ध्या वाटेवर काढलं म्हणून ते नाव. मॅकॉय १८८९ मध्ये गेला, त्याच्या धक्क्याचं नाव कॅन्सस सिटी झालं त्याच वर्षी. मेजर्सही तिथेच आहे. फाटक संध्याकाळी बंद होतं, पार्किंग फुकट.